तान्हा पोळा, मोठा पोळा

बैलांचा सण आपल्याकडे सगळीकडेच होतो. आमच्या साताऱ्याकडे तो बेंदूर म्हणून आषाढातच उरकतो. मराठवाड्यात, खानदेशात श्रावणाच्या अमावस्येला पोळा असतो. पण वाचकहो, पोळा बघावा तर विदर्भातला, आणि त्यातही यवतमाळच्या काळ्या जमिनीतला. तिथे पोळा दोन दिवसांचा. अमावस्येला खऱ्या बैलांचा तो मोठा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा, लहान मुलांचा, तो तान्हा पोळा. मुलाने लाकडाचा नंदी सोडून खऱ्या बैलाचा कासरा कधी हातात घ्यायचा, याला काही नियम नाही. पोरगे अंगाने भरले, बैल आवरू लागले, की बाप एके साली म्हणतो, "चाल, या खेपेला तू धर." बाप नसला म्हणजे हे कोण म्हणतो, ते मी एका पोळ्याला पाहिले. तेच तुम्हांला सांगायचे आहे.

नागपूरहून एस.टी.ने निघालो. वर्धा, देवळी मागे पडली की वर्धा नदी लागते. अलीकडे वर्धा जिल्हा, पूल ओलांडला की यवतमाळ. २०२४ पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत आगगाडीही सुरू झाली आहे. पण मला आपली एस.टी.ची खिडकीच बरी वाटते. कळंबला उतरलात तर चिंतामणीचे दर्शन जरूर घ्या. हे गणपतीचे देऊळ खोलात आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, आणि तिथेच पाण्याचे कुंड आहे. याच कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले होते. शेतकरी नवरा गमावलेली, मुलांना एकटीने वाढवणारी बाई साहित्याच्या मांडवात उभी राहिली आणि बोलली. त्या दिवशी पुष्कळांना वाटले, की आता या घरांकडे लोक नीट पाहतील. थोडेफार पाहिलेही. पण पाहिले ते बहुतेक बायांकडे. पोरांकडे कमीच.

यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाणारी गाडी धरली. हा रस्ता पावसाळ्यात डोळे निववणारा आहे. टेकड्या, सागाचे रान, मध्येच पळस, आणि उतारावर लांबच लांब पऱ्हाटी. कपाशीला हे लोक पऱ्हाटी म्हणतात आणि शेताला वावर. पोळ्याच्या सुमाराला पऱ्हाटी कमरेला आलेली असते, पात्या-फुले धरतात, मधून तुरीची तासे. डवरणी होत आलेली असते, म्हणून तर बैलांना सुट्टी. पण फवारणीचे दिवसही हेच. २०१७ साली याच दिवसांत या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. फाट्यावर उतरलो. गावाचे नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

माझे यजमान निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तेच म्हणतो. ३० वर्षे त्यांनी याच भागातल्या शाळांत काढली. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि शेजारच्या गोठ्यात खांदशेकणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, तूप-हळद लावून चोळतात, आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर जू वाहून वशिंडापुढची कातडी जिथे घट्ट होते, तिथे तो हात फिरला की बैल डोळे मिटून घेतो. पाहण्यासारखे असते.

शेकणारा मुलगा तेरा वर्षांचा. आठवीत जाणारा. त्याने तूप कोमट आहे की नाही ते आधी आपल्या मनगटावर पाहिले, मग बैलाला लावले. त्याची आई कंदील धरून उभी होती, वीज गेली होती. सहा वर्षांचा धाकटा दावणीवर बसून, "मी लावतो, मी लावतो," म्हणत होता; आणि मोठी बहीण, सोळा वर्षांची, आत पोळ्याच्या पुरणाची डाळ निवडत होती. मी म्हटले, "काय रे, उद्या तोरणाखाली जोडी कोण नेणार?"

"मीच नेतो ना," तो म्हणाला. वर पाहिले नाही.

रात्री जेवताना गुरुजींनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी त्या मुलाचा बाप गेला. स्वतःच जीव दिला. मागच्या साली घराला दुखवटा, म्हणून पोळा नव्हता. शेजाऱ्याने बैल न सजवता नुसते फिरवून आणले. यंदाचा पोळा घरातला पहिला.

त्याच्या बापाच्या तेरवीला गुरुजी हजर होते. विदर्भात तेराव्याला तेरवी म्हणतात. पंगत उठल्यावर एकेक पाहुणा निघाला, आणि निघताना प्रत्येकाने त्या अकरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हटले, "आता तूच घरचा कर्ता. मायला सांभाळ." कोणाच्या मनात वाईट नव्हते. गुरुजी म्हणाले, "मीही तेच म्हटलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं. रात्री झोप आली नाही मला."

वाचकहो, इथे मला थोडे स्वतःचे सांगू द्या. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना वारले, तापाने. दहाव्याला माझ्या खांद्यावर असेच हात पडले होते. कोणाचे हात ते आता आठवत नाही, पण वजन आठवते. त्या दिवसापासून मी गोट्या खेळलो नाही. कोणी मना केले नव्हते. कर्त्या माणसाने गोट्या खेळू नयेत, असे माझे मीच ठरवले. पुढे आई रात्री खोकली तरी मी उठून बसायचो. ती सवय अजून गेली नाही. घरात कोणी खोकले की मला जाग येते.

बापावाचून वाढणारी मुले कशी होतात, असे मी गुरुजींना विचारले. तीस वर्षांत त्यांनी अशी पुष्कळ मुले पाहिलेली. काही गप्प होतात. काही चिडकी होतात, वर्गात मारामाऱ्या करतात. त्यांच्याकडे लक्ष तरी जाते, मास्तर ओरडतो, आई रडते, मामा येऊन समजूत घालतो. पण एक तिसरी जात असते, आणि गुरुजींना तिची जास्त काळजी. ही पोरे एकदम शहाणी होतात. हट्ट करत नाहीत, नवा सदरा मागत नाहीत, सहलीची चिठ्ठी आईला दाखवतच नाहीत. सगळे गाव त्यांचे कौतुक करते. "ते कौतुकच त्यांना खातं," असे गुरुजी म्हणाले. त्या मुलाची गेल्या जून-जुलैतली गैरहजेरी २८ दिवस होती. पेरणीला सालदार परवडत नाही म्हणून तो वखरामागे चालला होता. शाळेतल्या मास्तरांनी विचारले तर सांगितले, ताप होता.

मग गुरुजींनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हां शेतकऱ्यांना लगेच पटेल. गोऱ्हा कितीही तगडा दिसो, दाताला आल्याशिवाय जाणता माणूस त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. लवकर जुंपला तर तो त्या साली ओढतो, पण पुढे खांदा धरतो आणि आयुष्यभर अधू राहतो. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. "जनावराचं कळतं आपल्याला," एवढेच ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माउलीशी बोलायला मिळाले. बोलकी बाई. "भाऊ, मले कागदाचं काहीच समजत नव्हतं," ती म्हणाली. "तलाठ्याकडे सहा चकरा झाल्या माह्या. आता नाव लागलं." मग तिने पेटीतून सातबारा काढून दाखवला. हा भाग जरा रुक्ष आहे, पण तुमच्या गावात अशी एखादी बाई असेल तर तिच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

नवरा वारला की त्याच्या वाट्याच्या जमिनीला बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असे सगळे सारखे वारस असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून हे असे आहे. वारसाचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह तलाठ्याकडे द्यायचा, त्याची पोच घ्यायची. मग फेरफार होऊन नावे चढतात. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे आईचे नाव येते. आईचे स्वतःचे नाव वारस म्हणून वेगळे लागले आहे ना, हेही पाहावे. नुसते पालक म्हणून लागले तर तिचा वाटा कागदावर दिसत नाही. या बाईच्या पुढे दिराने एक कागद आणून ठेवला होता, "सही कर वहिनी, तुले कायले त्रास," म्हणून. तो हक्कसोडीचा होता. तिने तो गुरुजींना दाखवला म्हणून बरे झाले. अज्ञान मुलाच्या नावची जमीन पालकालासुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, तिथे चुलत्याचा काय पाड.

सरकारी मदतीचे मात्र जमले नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना २००६ पासून एक लाख रुपये देण्याची तरतूद झाली, त्यांतले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याला अटी होत्या. जमीन हवी, आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे नाही तर परवान्याच्या सावकाराचे हवे. यांचे कर्ज होते ते एका खासगी माणसाचे, तोंडी बोलीवरचे. प्रकरण अपात्र ठरले. तिने हे सांगितले तेव्हा आवाजात राग नव्हता. पेटी मात्र जरा जोराने बंद केली. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज तिने भरला आहे. बाप किंवा आई नसलेल्या, गरजू घरातल्या मुलाला २०२३ पासून तीत महिन्याला २,२५० रुपये धरलेले आहेत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. पैसे वेळेवर येतात का, हे विचारू नका.

तो सातबारा मी पुन्हा पुन्हा पाहिला. मुलाच्या नावापुढे स्वच्छ लिहिले होते, अज्ञान. सरकारी दप्तर म्हणते की हे लेकरू आहे, याचा कारभार आई करील. आणि गाव तेराव्या दिवशी जेवून उठते आणि त्याला सांगते की तू कर्ता. तलाठ्यांविषयी मी आजवर फारसे चांगले लिहिलेले नाही, पण या एका गोष्टीत त्यांचे दप्तर मला आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणे वाटले.

मुलीचे थोडक्यात सांगतो. बाप गेल्यावर सहा महिन्यांत तिला दोन स्थळे आली. "एक घोर कमी होईल," असे सगे म्हणत. आईने दोन्ही परत पाठवली. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे तिला माहीत होते. पण तिने कारण वेगळे दिले. म्हणाली, "घोर नाही जी ते, पोरगी हाये." ती आता अकरावीला आहे, सकाळच्या गाडीने जाते.

धाकट्याला मात्र अजून कोणी नीट सांगितलेले नव्हते. बाबा गावाला गेले आहेत, असे त्याला सांगितले होते. चार वर्षांच्या मुलाला ते चालून गेले. सहा वर्षांचा झाला तो शाळेत इतर पोरांकडून काहीबाही ऐकून आला आणि त्याने आईला विचारणेच बंद केले. मोठ्यालाही घरात कोणी काही बोलले नाही. त्याला वाटत होते, त्या दिवशी आपण बाबांबरोबर वावरात गेलो असतो तर हे झाले नसते. हे त्याने गुरुजींना एकदाच सांगितले, विहिरीवर, पाण्याकडे बघत. गुरुजींनी त्याला जे सांगितले ते असे: बाबा मनाने आजारी होते, तो आजार कोणाला दिसला नाही, तुलाही नाही, मलाही नाही, तुझे काही चुकले नाही. एकदा सांगून भागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो तेच वेगळ्या शब्दांत विचारतो, आणि ते तेच उत्तर पुन्हा देतात.

विदर्भात बसून हे ऐकताना मला गाडगेबाबा आठवले. त्यांचे शेंडगाव इथून लांब नाही, अमरावती जिल्ह्यात. १८७६ चा त्यांचा जन्म. वडील झिंगराजी दारूपायी गेले तेव्हा डेबूजी लहान पोर होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. मामाची गुरे राखत, पुढे नांगर धरत तो वाढला. आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे हा माणूस कीर्तनात उभा राहून काय सांगत असे? दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, भांडी मोडा पण पोराला शाळेत घाला. आपण ते संतवचन म्हणून ऐकतो. मला वाटते, त्यात एका बापावाचून वाढलेल्या पोराचा हिशोबही होता. पण म्हणून कोणी असे म्हणू नये, की पाहा, बाप नसला तरी गाडगेबाबा होतात. डेबूजीला आजोळ होते, मामा होता, ताटात वाढणारी मामी होती. ज्याला तेही नसते त्याचे कीर्तन आपल्यापर्यंत येत नाही.

असो. दुपारी पोळा भरला. गावाबाहेरच्या मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. पूर्वी इथे शंभरावर जोड्या येत, आता ट्रॅक्टर झाले. मी मोजल्या त्या ३४. झुली, बेगड, शिंगांना रंग, गळ्यात घुंगूरमाळा, नव्या वेसणी. झडत्या म्हणणारे म्हातारे एकमेकांवर कुरघोडी करत होते, पोरे हसत होती. मुलगा आपली जोडी घेऊन आला. बापाचा पांढरा फेटा त्याने बांधला होता, तो कानांवर उतरत होता. बैल मोठे, दोन्ही कासरे एकाच्या हातात, आणि बाजूला डफ वाजू लागला तसा उजवा बैल बुजला. मुलगा दोन पावले ओढला गेला.

मी गुरुजींकडे पाहिले, पण गुरुजी हलले नाहीत. रांगेत मागे उभा असलेला एक माणूस, काळा, आडदांड, आपली जोडी भावाकडे देऊन पुढे आला. मागच्या साली बैल फिरवून आणणारा शेजारी तो हाच. त्याने मुलाच्या हातातून कासरे घेतले नाहीत. फक्त उजव्या बैलाच्या वेसणीला हात घातला आणि म्हणाला, "तू डावा धर. दोघं मिळून नेऊ." मुलाने एक कासरा सोडला. त्याचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. खोल पाण्यात पोहणाऱ्याच्या पायाला तळ लागावा तसे काहीसे. दोघे तोरणाखालून गेले. मग घरोघर बैल नेले, बायांनी बैलांच्या पायांवर पाणी घातले, ओवाळले, पुरणाचा घास दिला, आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवला. त्या शेजाऱ्याने आपल्या वाट्याचा बोजारा घेतला नाही असे तुम्हांला वाटेल. पण त्याने घेतला, निम्मा, आणि मुलाला निम्मा दिला. मला ते फार आवडले. त्याने दया केली नव्हती, काम वाटून घेतले होते.

मला निघायचे होते, पण तान्हा पोळा पाहून जा, असा आग्रह झाला. सकाळी धाकटा नंदी घेऊन बाहेर पडला. सागाचा नंदी, चार चाकांचा. थोरला लहान असताना बापाने सुताराकडून करवून घेतलेला. एक चाक निसटत होते. थोरल्याने ओसरीवर बसून बाभळीची खुंटी ठोकली, दोरी बदलली, शिंगांना राहिलेली बेगड चिकटवली, आणि धाकट्याबरोबर निघाला. धाकटा ओढी, हा मागून चाकावर नजर ठेवी.

गुरुजींच्या दारी ते आले तेव्हा गुरुजींची आई ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. नव्वदीची म्हातारी. तिने नंदीला कुंकू लावले, धाकट्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. मग दुसरी नोट काढून थोरल्यापुढे धरली.

"मले कायले आजी," तो म्हणाला. "मी मोठ्या पोळ्यात होतो ना काल."

"असशील. घे."

त्याने गल्लीपलीकडे आपल्या घराकडे पाहिले. आई दारात उभी होती, पण ती बादली भरत होती, तिचे इकडे लक्ष नव्हते. त्याने नोट घेतली, घडी करून खिशात घातली. धाकटा तोवर पुढच्या घरी पोचला होता. नंदीचे चाक पुन्हा निसटले होते आणि तो तसाच फरफटत ओढत होता. हा ओरडत त्याच्यामागे पळाला.